पाठ केलेल्या शब्दांमागची माणसं

भरतीची जाहिरात आली की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात अभ्यासिका भरतात आणि इंग्रजी शब्दांच्या याद्या मोबाईलवर फिरू लागतात. त्यात 'सत्ता आणि राजकारण' अशी एक यादी हमखास असते. ऑस्ट्रासाइज म्हणजे वाळीत टाकणे. बॉयकॉट म्हणजे बहिष्कार घालणे. जेरीमँडर म्हणजे मतदारसंघाची सोयीची रचना करणे. नेपोटिझम म्हणजे नातेवाइकांची वर्णी लावणे. पोरं-पोरी ओळीने पाठ करतात, चारपैकी एक गोल काळा करतात आणि विषय संपतो.

पाठ करू नका, असं मी म्हणणार नाही. एका गुणाने निवड हुकलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण मित्रांनो, या यादीतला जवळपास प्रत्येक शब्द म्हणजे एक जुनी बातमी आहे. सत्तेसाठी कुणीतरी डाव टाकला, कुणाच्या तरी तो लक्षात आला आणि त्याला नाव पडलं. नाव टिकलं, बातमी मागे पडली. आज अशा चार बातम्या सांगतो.

पहिली अथेन्सची, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या नागरिकांना दरवर्षी विचारलं जाई की, यंदा कुणाला शहराबाहेर काढायचं आहे का? बहुमताने 'हो' म्हटलं तर ठरलेल्या दिवशी सगळे चौकात जमत. फुटक्या मडक्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव कोरायचं आणि टाकायचा. अशा खापरीला ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. किमान 6,000 खापऱ्या पडल्या तर त्या माणसाला दहा वर्षं शहर सोडावं लागे. खटला नाही, आरोप नाही. मालमत्ता मात्र जप्त होत नसे. एखादा पुढारी फार मोठा होऊन हुकूमशहा बनू नये, हा मूळ हेतू.

हेतू चांगलाच होता. पण पुढे काय झालं बघा. इ.स.पू. 482 च्या सुमारास अरिस्टायडीस नावाच्या पुढाऱ्याला असंच बाहेर काढलं. त्याला लोक 'न्यायी' म्हणत. त्याच्याबद्दल प्लुटार्कने काही शतकांनंतर एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मतदानाच्या दिवशी एका अडाणी माणसाने त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापरी दिली आणि 'यावर अरिस्टायडीस लिहून द्या' म्हणाला. त्याने तुझं काय वाकडं केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, काही नाही, पण जिकडे तिकडे 'न्यायी, न्यायी' ऐकून कंटाळा आलाय. अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं.

ही झाली सांगोवांगीची गोष्ट. पुढची उत्खननातली आहे. 1937 मध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या उताराजवळच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं नाव कोरलेल्या जवळपास 190 खापऱ्या सापडल्या. अक्षर तपासलं तर ते फक्त चौदा-एक जणांचं निघालं. म्हणजे विरोधकांनी खापऱ्या आधीच तयार करून ठेवल्या होत्या, मतदाराच्या हातात द्यायला. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय काय होतं हे ज्यांनी गावात पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता दुसरी बातमी. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे, आपल्या जिल्ह्यासारखी. 1880 सालची गोष्ट. जमिनी बड्या जमीनदारांच्या, कसणारी कुळं. मागच्या हंगामात पीक बुडालेलं. लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, त्याने 10 टक्के देऊ केली. पुढे कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला लावणारा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट.

त्याच महिन्यात पार्नेल या आयरिश नेत्याने जाहीर सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्या माणसाला हात लावू नका, फक्त त्याला एकटं पाडा. लोकांनी तेच केलं. बॉयकॉटच्या शेतात मजूर येईनात. घरातले गडी निघून गेले. दुकानदार माल देईना. त्याची टपालसुद्धा कोणी पोचवेना. उभं पीक काढायला शेवटी दुसऱ्या भागातून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक, पोलीस. सुमारे 500 पौंडांचं पीक काढायला 10,000 पौंड खर्च झाला, असा त्या वेळचा अंदाज होता. डिसेंबर उजाडला आणि बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

आता यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. रेडपाथ नावाचा एक अमेरिकन पत्रकार तिथे बातमीदारी करत होता. या प्रकाराला काय म्हणावं, असा त्याला प्रश्न पडला. तिथले धर्मगुरू फादर ओमॅली यांच्यापाशी त्याने तो काढला. 'ऑस्ट्रासिझम' शब्द त्यांच्यासमोर होता, पण फादर म्हणाले की, तो आमच्या शेतकऱ्यांना कळायचा नाही. मग थोडा विचार करून त्यांनी सुचवलं की, त्याला 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर? ही हकीकत खुद्द रेडपाथनेच सांगितली आहे. बघता बघता तो शब्द युरोपभरच्या भाषांत गेला.

म्हणजे जो शब्द शेतकऱ्याला कळावा म्हणून जन्मला, तो आज आपल्याकडे शेतकऱ्याचीच मुलं 'अवघड इंग्रजी' म्हणून पाठ करताहेत.

आपल्याकडे या अर्थाचा शब्द आधीपासून होता, बहिष्कार. आणि इथेच खरी गोम आहे. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाल्यावर विलायती मालावर बहिष्कार सुरू झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कारही होता. तिथे तो दुबळ्याचं हत्यार होता, आयर्लंडसारखाच.

पण त्याच महाराष्ट्रात हा शब्द दुसऱ्या बाजूनेही जगत होता. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 रोजी पाक्षिक सुरू केलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. दलितांनी हक्क मागितला की गाव एक होई. मजुरी बंद, दुकान बंद, पाणी बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीच्या 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्काराची दखल आहे. पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार टाकणं हा गुन्हा ठरवा, अशी स्पष्ट मागणी होती.

मेयोतही मजूर थांबले आणि दुकान बंद झालं, इथेही मजुरी थांबली आणि दुकान बंद झालं. पण तिथे भूमिहीन कुळांनी जमीनदाराच्या माणसाला एकटं पाडलं, इथे जमीन असलेल्यांनी भूमिहीनांना. शब्दकोशातला अर्थ दोन्हीकडे एकच निघतो. कोणी कोणावर टाकला, हे शब्दकोश सांगत नाही.

ही जुनी गोष्ट झाली असं वाटत असेल, तर सांगतो. जातपंचायतींच्या छळाच्या तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. 2017 मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे.

तिसरी बातमी अमेरिकेची. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते एल्ब्रिज गेरी. साधा माणूस नव्हे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेल्यांपैकी एक. त्यांच्या पक्षाने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ असे आखले की विरोधी फेडरलिस्टांची मतं थोड्या जागांत कोंबली जावीत. एका मतदारसंघाचा आकार तर इतका वेडावाकडा झाला की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने मार्चमध्ये त्या नकाशाला डोकं, नखं, पंख लावून व्यंगचित्र छापलं. सॅलॅमँडर या पालीसारख्या प्राण्याचं नाव आणि गेरी यांचं आडनाव जोडून शब्द केला, 'गेरीमँडर'. गव्हर्नरांचं आडनाव 'गेरी' असंच उच्चारायचं, शब्द मात्र पुढे 'जेरीमँडर' झाला.

निकाल काय लागला? राज्याच्या सिनेटसाठी मतं फेडरलिस्टांना जास्त मिळाली, पण 40 पैकी 29 जागा गेरी यांच्या पक्षाच्या आल्या. गेरी स्वतः त्या वर्षी गव्हर्नरपद हरले. हा कायदा त्यांना मनापासून पटला नव्हता, असंही सांगतात. पण सही त्यांची होती, म्हणून नाव त्यांचं लागलं.

नगरपालिकेची प्रभाग रचना जाहीर झाली की आपल्याकडे नकाशासमोर गर्दी होते. अर्धी गल्ली या प्रभागात, अर्धी पलीकडच्या. नाला ओलांडून चार घरं इकडे कशी आली, यावर आठवडाभर चहाच्या टपरीवर चर्चा चालते. प्रत्येक रेषेमागे कट असतोच असं नाही. लोकसंख्येचा मेळ घालायला रेषा कुठेतरी वळवावीच लागते. म्हणून तर हरकती आणि सूचनांची मुदत ठेवलेली असते. पण ती वापरणारे किती जण असतात?

चौथी बातमी रोमची. पोपना लग्न करता येत नाही, म्हणजे अधिकृत वारस नाही. मग पुतण्या-भाच्यांना कार्डिनल करायची रीत पडली. तिसरे पॉल 1534 मध्ये पोप झाले, ते तर पदावर येण्याआधी बापही झाले होते. त्यांनी त्याच वर्षी आपल्या दोन नातवांना कार्डिनल केलं, त्यातला एक 14 वर्षांचा होता. इटालियन भाषेत पुतण्याला 'नेपोते' म्हणतात, त्यावरून नेपोटिझम. अखेर 1692 मध्ये बाराव्या इनोसंट या पोपनी फर्मान काढून ही रीत बंद केली. गंमत अशी की, या शब्दाचं लॅटिन मूळ 'नेपोस' आणि आपल्या 'नातू'चं संस्कृत मूळ 'नप्तृ' ही एकाच कुळातली. काका-पुतण्याचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती म्हणा.

मी हे का लिहितोय? यादीतले शब्द पाठ करणारी ही मुलं उद्या नोकरीत जाणार आहेत. यातला कुणी मुख्याधिकारी होईल आणि प्रभागाच्या नकाशाचा मसुदा त्याच्या टेबलावर येईल. कुणी फौजदार होईल. एखाद्या रात्री एक कुटुंब ठाण्यात येऊन सांगेल की, गावाने आमचं पाणी बंद केलंय, लग्नाला कुणी येत नाही. त्या वेळी 'बॉयकॉट म्हणजे बहिष्कार' एवढं येऊन भागणार नाही. गावाचा आपसातला मामला म्हणून त्यांना परत पाठवायचं की 2016 चा कायदा लावायचा, हे त्यालाच ठरवायचं आहे.

म्हणून पोरांनो, यादी जरूर पाठ करा. फक्त प्रत्येक शब्दापुढे दोन प्रश्न लिहून ठेवा, हे कोणी केलं आणि कोणाला सोसावं लागलं. परीक्षेत त्याला गुण नाहीत, पण खुर्चीवर बसल्यावर तेच उपयोगी पडेल.

तुमच्या यादीत असा एखादा शब्द असेल तर खाली कळवा. त्यामागची बातमी शोधून पुढच्या पोस्टमध्ये मांडतो. आणि अभ्यासिकेत बसणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याच्यापर्यंत हे पोचवा.