हस्ताचा पाऊस आणि पांझरेचे पाट

खानदेशात दिवाळी कशी होणार, हे आकाशकंदील लावण्याच्या महिनाभर आधीच ठरलेले असते. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो. त्या सुमारास घरोघर भुलाबाई बसलेली असते, मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत असतात, आणि ओट्यावरचा म्हातारा मात्र आभाळाकडे डोळे लावून असतो.

एकदा वर्गात मी विचारले, "पाऊस कोठून येतो?" पुस्तकातले उत्तर आले, "अरबी समुद्रावरून." मागच्या बाकावरचा शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, "पण गुरुजी, हत्तीचं पाणी तर उगवतीकडून येतं!" वर्ग हसला. पण बरोबर होता तो मुलगाच.

अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवरच बरेचसे रिते होतात. म्हणून धुळ्याच्या वाट्याला वर्षाचा जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस येतो, जळगावकडे थोडा अधिक. आश्विनातला पाऊस निराळा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो, तो विदर्भ ओलांडून पश्चिमेकडे सरकला, तर तापीचे खोरे भिजते. तो मध्येच उत्तरेला वळला, की आमच्याकडे नुसतेच वारे. ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीला याच पाण्याची ओल लागते. पण तेच पाणी जास्त झाले, तर फुटलेल्या कापसाची माती होते. असा हा हत्ती! आला नाही तरी धाक, आला तरी धाक.

इतिहासाने त्याची दोन्ही रूपे पाहिली आहेत. १८७२ साली पांझरेला असा पूर आला, की धुळे शहरातील घरादारांची मोठी हानी झाली. उलट १८९६ साली दख्खनच्या बऱ्याच भागात परतीच्या पावसाने पाठ फिरवली आणि दुष्काळ पडला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९चा पावसाळाच बुडाला. अशा वर्षी आमच्या पणज्यांनी दिवाळीला पणती लावली असेल का, आणि लावली तर तेल कोठून आणले, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

पण लोक केवळ आभाळाकडे पाहत बसले नव्हते. पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात सामोडे-पिंपळनेरच्या बाजूला, फड पद्धत काही शतके चालत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड पाडायचे. एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी पिकांचा फेर. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाऊस भरपूर झाला तर सगळे फड भिजत. त्याने ओढ दिली, तर एखाद-दुसरा फड कोरडा ठेवीत. यातली खरी खुबी अशी, की बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे कोरड्या फडाचे दुःख एकट्याच्या पदरी पडत नसे. पाऊस वाटून घेणे माणसाच्या हाती नव्हते. टंचाई वाटून घेणे होते.

१८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झालेला एक तरुण इंजिनियर सुरुवातीलाच धुळ्याकडे कामाला आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे त्यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची 'ब्लॉक पद्धत' आणली. जमिनीचे गट पाडायचे आणि पिकांचा फेर ठेवून पाणी अधिकांना पुरवायचे, हे तिचे तत्त्व वाचताना आम्हा खानदेशकरांना आपले फड आठवल्यावाचून राहत नाहीत.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. १९६९ मध्ये गिरणा धरण पुरे झाले, १९८२ मध्ये तापीवर हतनूर झाले. त्यांनी पुष्कळांची तहान भागवली, हे खोटे कसे म्हणावे? पण पांझरेच्या अंगाला वर धरणे, खाली विहिरी आणि विहिरींवर मोटारी आल्या, आणि बरेच फड मोडले. ज्याची मोटार खोल, त्याचे शेत हिरवे.

हत्ती मात्र तसाच लहरी राहिला. २०१८ साली परतीचा पाऊस आलाच नाही. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमच्याकडचे तालुकेही होते. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, दिवाळीतच पाऊस असा कोसळला, की राज्यभर कापणीला आलेली पिके शेतातच सडली. बारा महिन्यांच्या आत दोन्ही रूपे!

वाचकहो, फराळाचे ताट पुढे ओढताना एवढेच मनात आणा, की त्यातल्या डाळीच्या पिठामागे असा एक आश्विन उभा असतो. त्या पावसावर आपली सत्ता कधी नव्हती, आजही नाही. पण कोरड्या वर्षी कोणाचा फड भिजवायचा, हे एकत्र बसून ठरवणारी माणसे याच पांझरेच्या काठी राहत होती. त्यांनी बांधलेले दगडी बंधारे अजून काही ठिकाणी उभे आहेत. एकत्र बसण्याची जागाही तेथेच आहे. बसणारी माणसे तेवढी हवी आहेत.