६१७४ : गुण संख्येचा की अंकलेखनाचा?

डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळाशिक्षक होते. ६१७४ या संख्येचा विशेष त्यांना १९४६ मध्ये आढळला. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. तथापि अनेक भारतीय गणितज्ञांनी त्यांचे कार्य क्षुल्लक मानले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हाच त्यांची कीर्ती दूरवर पसरली. ती उपेक्षा न्याय्य होती काय, हा येथे विचारार्ह प्रश्न होय.

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. शून्य आल्यास तेही अंक म्हणून धरावे. हीच क्रिया वजाबाकीवर पुनःपुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० − ०१५९ = ९३५१ येते; पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. तेथे क्रिया स्थिरावते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. सातांहून अधिक खेपा कधीच लागत नाहीत.

यात गूढ असे काही नाही. उतरत्या क्रमातील पहिल्या व चौथ्या अंकांतील अंतरास ९९९ ने आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील अंतरास ९० ने गुणून केलेली बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. पहिले अंतर १ ते ९ असते व दुसरे त्याहून मोठे होऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच खेपेस हजारो संख्या अवघ्या ५४ फलांत सामावतात. ती फले तपासली की सिद्धता पूर्ण होते.

आक्षेप असा की, हा गुण संख्येचा नसून लेखनाचा आहे. ते खरेच आहे. ६१७४ = २ × ३² × ७³ हे विभाजन कोणत्याही लेखनपद्धतीत अबाधित राहते; उपर्युक्त स्थिरता मात्र दशमान पद्धतीवर अवलंबून आहे. पंचमान पद्धतीत ३३२० − ०२३३ = ३०३२ असे वेगळेच स्थिरपद मिळते; त्याचे दशमान मूल्य ३९२ आहे. ६१७४ ला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, निःशेष भाग जातो व ३४३ येतात. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. तो गुणही लेखनाश्रितच.

परंतु लेखनाश्रित म्हणजे तुच्छ नव्हे. यवतमाळ जिल्ह्यात मराठी, कोलामी, गोंडी व बंजारा या भाषा बोलल्या जातात. त्यांची संख्यावाचके भिन्न. मराठी तर ‘चौऱ्याहत्तर’ म्हणताना चार आधी उच्चारते आणि लिहिताना सात आधी मांडते. तरीही फळ्यावरील चार अंकांवर ही क्रिया केली असता सर्वांना ६१७४ च मिळते. म्हणजे हा नियम बोलीचा नाही आणि केवळ संख्येचाही नाही. तो स्थानमूल्यव्यवस्थेचा आहे. भाषेचे व्याकरण मानवनिर्मित म्हणून अभ्यासास अपात्र ठरत नाही. अंकलेखनाच्या व्याकरणास वेगळा न्याय लावण्याचे कारण दिसत नाही.