सेप्सिस
जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद भरकटून स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, ती तातडीची अवस्था. मोठ्या माणसात धाप, असंबद्ध बरळणे, उतरलेला रक्तदाब; उपचार विनाविलंब प्रतिजैविके, शिरेतून सलाइन, प्राणवायू.

तान्ह्या बाळाला मात्र ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडू शकते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात सेवेचा प्रयोग केला. रडणे क्षीण झाले, बाळ अंगावर पिईना, हातपाय लुळे पडले, की गावातलीच आरोग्यदूत बाई सावध होई. घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने तीच जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचे. डॉक्टरी वर्तुळात कोणाच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही! सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यू १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ मध्ये निष्कर्ष छापले.