विवरांतले साक्षीदार

दुष्काळाच्या एका वर्षीं आमच्या घरामागें बोअर घेतला, त्या वेळचा प्रसंग मला वारंवार आठवतो. यंत्रवाल्यानें जमिनींत उतरविलेल्या नळ्या मोजून खोलीचा आंकडा सांगितला आणि फुटावर दर लावून बिल हातीं दिलें. माझ्या धाकट्या बंधूंस तो आंकडा पटेना. त्यांनीं सुतळीला दगड बांधून तो आंत सोडला. सुतळीचा हिशोब नळ्यांच्या हिशोबाहून चांगला सव्वीस फूट कमी भरला. "साहेब, तळाशीं गाळ बसलाय," यंत्रवाला म्हणाला. "गाळ नव्हे, तुमच्या नळ्याच जास्त झाल्या," असें बंधूंचें उत्तर. पाणी लागलेंच नव्हतें; तेव्हां खरें कोण बोलतो हें ठरविण्यास तिसरा साक्षीदारहि नव्हता. शेवटीं निम्मा फरक सोडून तडजोड झाली.

हा घरगुती तंटा येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, पृथ्वीच्या पोटाचा ठाव घेऊं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें गेलीं शंभर वर्षें हाच प्रश्न उभा आहे. जमिनींत भोंक पाडलें म्हणजे जमीन समजली, असें होत नाहीं. पोकळ सुळ्यानें कापलेला दगडाचा गाभा वर येतो खरा. परंतु तो वाटेंत तुटतो, त्याचा कांहीं भाग हरवतो, आणि जो हातीं लागतो त्याची मूळची उष्णता व त्याच्यावरील दाब हीं दोन्ही मागें राहिलेलीं असतात. समुद्रांतून बाहेर काढलेल्या मासोळीवरून तिच्या पोहण्याची कल्पना करावी, तसाच हा प्रकार. म्हणून विवरांतच उपकरण उतरवून तेथल्या तेथें साक्ष घेण्याची रीति निघाली.

तिचा आरंभ ५ सप्टेंबर १९२७ ह्या दिवशीं फ्रान्सच्या आल्सास प्रांतांत, पेशेलब्रॉन येथील एका तेलविहिरींत झाला. कॉनराड व मार्सेल श्लुंबर्जे ह्या बंधूंनीं बसविलेली युक्ति अगदीं साधी होती. तारेच्या टोकाशीं विजेचीं अग्रें बांधून तीं विहिरींत सोडावयाचीं, दर मीटरास थांबावयाचें, खडक विजेला किती विरोध करितो तें पाहावयाचें, आणि तो आंकडा कागदावर हातानें मांडावयाचा. त्या बिंदूंची जी वांकडीतिकडी रेषा तयार झाली, तीच पुढें 'लॉग' ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली.

जमिनीवर हें जमलें. समुद्रांत मात्र हिशोब निराळा होता. १९६१ सालीं मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ अमेरिकनांनीं 'कस १' नांवाच्या जहाजावरून सुमारें साडेतीन हजार मीटर खोल पाण्याखालीं सुळा चालविला. पृथ्वीचें कवच भेदून त्याखालच्या थरापर्यंत जावें, अशी महत्त्वाकांक्षा होती. म्हणून त्या उद्योगास 'मोहोल' हें नांव मिळालें. सुळा तळाखालीं १८३ मीटर गेला, आणि त्यांतील शेवटचे तेरा मीटर लागला तो बेसॉल्ट. म्हणजे ज्याच्या जातीचा दगड आमच्या देवगिरीच्या तटाला आणि वेरूळच्या कैलासाला आहे, तोच काळा दगड! ही हकीकत वर्गांत सांगितली कीं मुलें हंसतात. इतक्या लांब जाऊन ह्यांनीं आणलें काय, तर आमच्या अंगणांतला फत्तर! परंतु महासागराच्या तळच्या गाळाखालीं बेसॉल्टच आहे, हा आजवरचा तर्क त्या दिवशीं प्रत्यक्ष हातीं आला. पुढें १९६६ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें पैसा बंद केला व मोहोल अपुराच राहिला. त्याचें शिक्षण मात्र वायां गेलें नाहीं. १९६८ सालीं 'ग्लोमार चॅलेंजर' निघालें. १९८५ पासून 'जॉइडिस रेझोल्युशन' ह्या जहाजानें तें काम जवळजवळ चाळीस वर्षें, म्हणजे २०२४ पर्यंत, चालविलें.

कैलास कोरणाऱ्यांनीं डोंगर शिखरापासून खालीं कोरीत नेला. परंतु आपण काय कोरतों, हें त्यांस दिसत होतें. जहाजावरच्या मंडळींस कांहींच दिसत नाहीं. शिवाय त्यांच्या पायांखालची भूमि हलते. लाटेबरोबर जहाज वर उचललें कीं तार वर येते, तारेबरोबर उपकरण. म्हणजे कागदावर खडकाचा आलेख उमटतो कीं लाटेचा, हीच शंका. ह्यासाठीं जहाजाचें हेलकावणें शोषून घेणारी यंत्रणा बसवावी लागली. आणखी एक अडचण अशी कीं उपकरण उतरवावयाचें तें सुळ्याच्या नळीच्या पोकळींतूनच. तेव्हां त्याची जाडी चार बोटांच्या पलीकडे फारशी जातां कामा नये.

ह्या साऱ्या उपकरणांत मला सर्वांत मनोरंजक वाटतें तें उष्णतामापक. मऊ गाळांत दट्ट्याच्या जोरानें एक नळी झटक्यासरशीं सुमारें साडेनऊ मीटर घुसवितात. तिच्या पात्याच्या कडेंतच उष्णतामापक दडविलेला असतो. आतां गंमत पहा. नळी घुसतांना घर्षण होतें, घर्षणानें ती तापते, आणि गाळाची उष्णता मोजावयास गेलेला साक्षीदार स्वतःचीच उष्णता सांगूं लागतो! म्हणून त्यास सुमारें दहा मिनिटें गाळांत स्वस्थ ठेवावें लागतें. तेवढ्यानेंहि तो पुरता निवत नाहींच. निवण्याच्या वक्ररेषेवरून ती पुढें कोठें जाऊन थांबली असती, हें गणितानें काढावें लागतें. मधल्या वेळांत जहाजानें एक हेलकावा दिला, नळी जराशी हलली, कीं पुन्हां घर्षण आणि सारें मुसळ केरांत. म्हणून उपकरण गाळांत जाण्यापूर्वीं समुद्रतळाशीं कांहीं मिनिटें थांबवून तेथल्या थंड पाण्याचा आंकडा घेतात. तेंच त्याचें शपथपत्र. ह्या मापकाची नवी आवृत्ति २००५ सालीं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापुढें पारखून घेण्यांत आली.

एवढा खटाटोप कशाकरितां, असें कोणी विचारील. २००६ च्या एप्रिलमध्यें हेंच जहाज मुंबईहून भारत सरकारच्या मोहिमेवर निघालें. समुद्रतळाखालीं मिथेन वायु व पाणी मिळून बर्फासारखा एक घन पदार्थ होतो. तो आपल्या समुद्रांत आहे काय व कोठें, हें पाहावयाचें होतें. केरळ-कोंकणच्या समुद्रांत तो मिळाला नाहीं. कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढें मात्र त्याचा जाड थर लागला. हा पदार्थ ठराविक दाबाखालीं आणि ठराविक थंडीपर्यंतच टिकतो. दर किलोमीटरास चाळीस अंश उष्णता वाढते असें धरलें, तर मापकाची एका अंशाची चूक म्हणजे थराचा तळ पंचवीस मीटर वर किंवा खालीं. आमच्या बोअरच्या सव्वीस फुटांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

२०१५ सालीं जहाज पुन्हां अरबी समुद्रांत आलें, आणि किनाऱ्यापासून चारपांचशें किलोमीटरांवर, लक्ष्मी खोऱ्यांत, तळाखालीं अकराशें मीटरांपर्यंत जाऊन त्यानें पुन्हां बेसॉल्ट गांठला.

परंतु समुद्र आम्हांस दूर. मराठवाड्यास ह्या विद्येची गरज कळली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशीं गणपति बोळवून लोक झोंपले होते. किल्लारीच्या आसपास सुमारें दहा हजार माणसें त्या झोंपेंतून उठलीं नाहींत. दख्खनचें पठार अढळ आहे, असें आम्हीं पाठ्यपुस्तकांतून शिकविलेलें होतें. मीहि शिकविलें होतें. नंतर तेथें जें विवर खणलें, त्यांत ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखालीं आठच मीटर जुना गाळ, आणि मग प्राचीन स्फटिकमय खडक लागला. तोंवर त्या काळ्या चादरीखालीं काय आहे, हें कोणीं पाहिलेंच नव्हतें.

कोयनेचा प्रश्न ह्याहून जुना. १९६२ पासून शिवाजीसागरांत पाणी भरूं लागलें, धक्के सुरू झाले, आणि १० डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. धरणाच्या पाण्यामुळेंच हे धक्के बसतात, असें म्हणणें एक आणि तें खडकाला विचारून घेणें दुसरें. ह्यासाठीं प्रथम दीड किलोमीटर खोलीचीं अनेक विवरें खणलीं, कांहींत भूकंपमापक सोडले. आणि २०१६ च्या अखेरीस गोठणें येथें तीन किलोमीटरांचें विवर घेण्यास आरंभ होऊन २०१७ सालीं तें पुरें झालें. हें काम कराड येथील विवर-भूभौतिकी प्रयोगशाळा पाहते.

येथें खडकावरचा ताण मोजण्याच्या दोन रीति आहेत. विवराचा एक तुकडा वरून व खालून फुगणाऱ्या बुचांनीं बंद करून त्यांत पाणी दाबतात, आणि कोणत्या दाबास खडक तडकतो तें पाहतात, ही एक. दुसरी अशी कीं खोलवर विवर गोल राहत नाहीं, जेथें ताण कमी त्या दिशेस त्याच्या भिंती ढांसळून तें लांबट होतें. ध्वनिलहरींनीं भिंतीचें चित्र घेतलें कीं ती दिशा कळते. मात्र केवळ पाण्याच्या झोतानें खचलेली भिंतहि आपण ताणाची खूण आहों असें सोंग आणूं शकते. म्हणून तेंच उपकरण तोच भाग पुन्हां चालवून पाहतात, आणि दोन्ही साक्षी जुळल्याखेरीज लिहून घेत नाहींत. धरणाखालच्या गांवांचा प्रश्न एका साक्षीवर सोडण्याजोगा नव्हे.

उपकरणांच्या मापांचीहि मापें असतात. खडकाची नैसर्गिक किरणशीलता मोजणाऱ्या उपकरणासाठीं अमेरिकेंत ह्यूस्टन विद्यापीठांत १९५९ सालीं खास काँक्रीटचा एक खड्डा बांधला. त्यांतील किरणशील थराची तीव्रता दोनशें एकक, असें ठरवून टाकलें. पुढें जगांतलीं तसलीं उपकरणें त्या खड्ड्याशीं नातें सांगूं लागलीं.

गोठण्यास ह्याच किरणांनीं नळीवाल्याचा व तारवाल्याचा तंटा मिटविण्याची सोय होते. सुमारें साडेबाराशें मीटरांवर बेसॉल्ट संपतो आणि मध्यें किल्लारीसारखा गाळ न लागतां एकदम ग्रॅनाइटी खडक सुरू होतो. बेसॉल्टांत किरणशील द्रव्यें थोडीं, ग्रॅनाइटांत पुष्कळ. त्यामुळें त्या सीमेवर रेषा एकाएकीं उडी घेते. नळ्या कांहींही म्हणोत, तार कांहींही म्हणो, त्या उडीपाशीं दोघांसहि आपले आंकडे आणून जुळवावे लागतात.

आमच्या बोअरला अशी सीमा कोठली? मुरूम संपला तेव्हांपासून सुळा बंद पडेपर्यंत सगळा काळा दगडच.