कानात वाजणाऱ्या शिट्टीमुळे बंद पडलेला बँड १९ वर्षांनी परत स्टेजवर आला, त्याची गोष्ट

बँड का फुटतात? कधी पैशावरून वाजतं, कधी 'मी मोठा की तू मोठा' यावरून, तर कधी नशापाणी आड येतं. पण अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एक बँड असा होता, ज्यात भांडण नव्हतं, गाणी चांगली चालली होती, पहिला अल्बम नुकताच आला होता आणि तरीही त्यांना थांबावं लागलं. कारण होतं गिटारवाल्याचे कान.

या बँडचं नाव मिशन ऑफ बर्मा.

नावात ब्रह्मदेश कुठून आला?

बँडमधल्या कुणाचाही ब्रह्मदेशाशी, म्हणजे आजच्या म्यानमारशी, काही संबंध नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्या देशाची राजनैतिक कचेरी होती आणि तिच्या दारावर 'मिशन ऑफ बर्मा' अशी पाटी होती. बँडच्या क्लिंट कॉन्लीने ती वाचली, नाव आवडलं आणि तेच बँडला देऊन टाकलं.

१९७९ साली बँड सुरू झाला. रॉजर मिलर गिटारवर, क्लिंट कॉन्ली बेसवर आणि पीटर प्रेस्कॉट ड्रम्सवर. तिघेही गाणी लिहायचे आणि गायचे.

चौथा गडी मात्र प्रेक्षकांना दिसायचाच नाही. त्याचं नाव मार्टिन स्वोप. तो साउंड मिक्सरपाशी टेप रेकॉर्डर घेऊन बसायचा. स्टेजवर जे वाजतंय त्याचा तुकडा तिथल्या तिथे टेपवर घ्यायचा, तो उलटा किंवा वेगळ्या गतीने फिरवायचा आणि पुन्हा स्पीकरमधून सोडायचा. लोक स्टेजकडे बघत राहायचे, माणसं तीन आणि हा चौथा आवाज येतोय कुठून? आज जे काम छोट्या लूप पेडलवर किंवा लॅपटॉपवर होतं, ते स्वोप तेव्हा हाताने करत होता.

पोस्ट-पंक म्हणजे काय?

१९७६-७७च्या आसपास रामोन्स, सेक्स पिस्टल्स अशा बँड्सनी पंक रॉक गाजवलं. दोन-तीन कॉर्ड, दोन-तीन मिनिटांचं गाणं आणि भरपूर राग. त्यानंतर आलेल्या अनेकांनी पंकची धार ठेवली, पण विचित्र ताल, कर्कश सूर, टेपचे प्रयोग, चित्रकला आणि साहित्यातले संदर्भ त्यात आणले. या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. मिशन ऑफ बर्माचं एक गाणं तर मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराच्या नावाचंच आहे.

मोठी कंपनी नाही, घरचं लेबल

बोस्टनमध्ये रिक हार्ट नावाचा माणूस 'एस ऑफ हार्ट्स' हे छोटं लेबल चालवायचा. बँडची रेकॉर्ड्स त्याने काढली. १९८० साली 'अकॅडमी फाइट साँग' ही सिंगल, १९८१ साली 'सिग्नल्स, कॉल्स अँड मार्चेस' ही छोटी रेकॉर्ड आणि १९८२ साली 'व्हर्सेस' हा पूर्ण अल्बम.

मोठी रेकॉर्ड कंपनी मागे नसली की जाहिरात नसते. मोठ्या रेडिओ स्टेशनवर गाणं लागत नाही आणि गावोगावी दुकानांत रेकॉर्ड पोहोचत नाही. अशा बँड्सना आधार असायचा तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रेडिओचा. बोस्टन कॉलेजांचं शहर, त्यामुळे तिथे त्यांचा चाहतावर्ग तयार झाला. शहराबाहेर मात्र अनेकदा मोजक्या लोकांसमोर वाजवावं लागायचं.

आणि कान वाजायला लागले

हा बँड प्रचंड मोठ्या आवाजात वाजवायचा. मिलरच्या कानात सतत सूर घुमायला लागले, आजूबाजूला शांतता असली तरी. यालाच टिनिटस म्हणतात. आपण साध्या भाषेत 'कान वाजतोय' म्हणतो ना, तेच. फरक इतकाच की मिलरचा कान वाजायचा थांबत नव्हता.

असं का होतं? आपल्या आतल्या कानात अतिशय बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं रूपांतर त्या मेंदूला कळणाऱ्या संदेशात करतात. खूप मोठा आवाज सतत आदळला की या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच आवाजाने झालेलं हे नुकसान औषधाने भरून येत नाही.

मिलर स्टेजवर नेमबाज वापरतात तसले जाड इअरमफ लावून वाजवू लागला. तरी त्रास वाढत गेला. शेवटी १९८३ साली बँडने निरोपाचे कार्यक्रम केले आणि थांबला. पहिला पूर्ण अल्बम येऊन जेमतेम काही महिने झाले होते.

बँड संपला, गाणी नाही

मिलर 'बर्डसाँग्स ऑफ द मेसोझोइक' या गटात पियानो वाजवू लागला. प्रेस्कॉटने 'व्होल्कॅनो सन्स' हा बँड काढला. कॉन्ली संगीत सोडून टीव्हीवर निर्माता झाला.

पण त्यांच्या रेकॉर्ड्स हातोहात फिरत राहिल्या. आर.ई.एम.ने 'अकॅडमी फाइट साँग' वाजवलं. १९९६ साली मोबीने त्यांचं रिव्हॉल्व्हरवरचं गाणं नव्याने गायलं. २००१ साली मायकेल अझेराडचं अमेरिकेतल्या स्वतंत्र बँड्सवरचं पुस्तक आलं, त्यात एक अख्खं प्रकरण मिशन ऑफ बर्मावर होतं.

दुसरी इनिंग

जानेवारी २००२मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले. ठरवले होते मोजकेच कार्यक्रम, पण गर्दी बघून पुढे चालूच ठेवलं. स्वोपच्या जागी टेपवर बॉब वेस्टन आला. मिलरच्या कानांवर इअरमफ होतेच, शिवाय ड्रम्ससमोर पारदर्शक पडदा लावला जायचा.

पहिल्या डावात एक अल्बम झाला होता, दुसऱ्यात चार झाले. २००४ साली 'ऑन-ऑफ-ऑन', २००६ साली 'द ऑब्लिटेराती', २००९ साली 'द साउंड द स्पीड द लाइट' आणि २०१२ साली 'अनसाउंड'. बोस्टनने तर ४ ऑक्टोबर २००९ हा दिवस 'मिशन ऑफ बर्मा दिन' म्हणून जाहीर केला. २०२० साली हा प्रवास थांबला.

आपल्यासाठी काय?

कानांचा हिशोब सोपा आहे. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तास चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. लाइव्ह शोमध्ये स्पीकरजवळ १०० सहज ओलांडले जातात.

शोला जाताना खिशात इअरप्लग ठेवा. गाणं ऐकू येतंच, फक्त आवाज कमी होतो. आणि घरी आल्यावर कान वाजत असेल, तर तो तुम्हाला मिळालेला इशारा समजा. मिलरला पुन्हा उभं राहायला १९ वर्षं लागली आणि तेव्हाही कान झाकूनच वाजवावं लागलं.