कुलूप, किल्ली आणि लीळाचरित्र

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांत वारले. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. सासर, नवरा, दीर यांच्याविषयी त्या बायका जे गात होत्या ते उघड करायचे तर त्यांची नावे लपवणे भाग होते, आणि तसा शब्द त्यांनी त्या बायकांना दिला होता. म्हणून संगणकावर सारा संग्रह चढवल्यावर त्यांनी त्या फाइलीला परवलीचा शब्द लावला. तो कोणालाच ठाऊक नाही. मूळ वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. फाइल घरच्यांनी विभागाच्या स्वाधीन केली. ती सुरक्षित आहे, आणि आजतागायत उघडलेली नाही.

हा विषय निघाला की आम्हांला दर वेळी महानुभावांच्या पोथ्या आठवतात. आपल्या भाषेतील आद्य गद्याचे जे झाले तेच लहान प्रमाणावर आमच्या कपाटात झाले आहे, असे वाटते. महानुभावांच्या सांकेतिक लिपींविषयी विद्यार्थ्यांना आपण सहसा दोन ओळींत सांगतो : परकीय आक्रमणापासून ग्रंथ वाचवण्यासाठी या लिपी निर्माण झाल्या. परीक्षेत एवढे लिहिले की दोन गुण मिळतात. परंतु हे उत्तर पुरेसे आहे का, हा प्रश्न या लेखात आम्हांला विचारायचा आहे.

माहितीच्या सुरक्षिततेचा विचार करणारे आजचे तज्ज्ञ तीन कसोट्या सांगतात. माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती पडू नये ही पहिली, म्हणजे गोपनीयता. तिच्यात कोणी फेरफार करू नये ही दुसरी, म्हणजे अविकृतता. आणि ज्याला ती हवी त्याला ती वेळेवर मिळावी ही तिसरी, म्हणजे उपलब्धता. या तिन्ही एकमेकींना पूरक भासत असल्या तरी पुष्कळदा त्या एकमेकींच्या आड येतात. पहिली साधताना तिसरी हातची जाते. या कसोट्या घेऊन आपण तेराव्या शतकाकडे वळू.

चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांना ज्यांना चक्रधरांचा सहवास लाभला होता त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन त्यांनी रिद्धपूर येथे लीळाचरित्र सिद्ध केले. त्याचा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे बारा वर्षे. हे लेखन मराठीत झाले, आणि ही गोष्ट सहज घडलेली नव्हती. केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा होती, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिले तर पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते, ही हकिकत स्मृतिस्थळात आली आहे. म्हणजे या वाङ्मयाच्या मुळाशीच उपलब्धतेचा आग्रह होता. कोणाला कळावे, हा प्रश्न आधी. भाषा कोणती, हा नंतर.

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य कोलमडत होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी झाली आणि पुढच्या दोन दशकांत यादवांची सत्ता संपली. या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. पुढे जे घडले ते मराठी ग्रंथेतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. अर्थातच सर्वांची आठवण सारखी नव्हती. म्हणून हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा निरनिराळ्या व्यक्तींच्या नावांनी पाठभेद नोंदवले गेले. या नावांत हिराइसेचे नाव आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. ज्या बायांसाठी मराठीचा आग्रह धरला गेला, त्यांपैकीच एकीच्या स्मरणावर पुढे ग्रंथाचा एक पाठ उभा राहिला. उपलब्धतेने अविकृतता राखली ती अशी.

येथे कालक्रमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. सांकेतिक लिपी याच्या नंतरची आहे. सह्याद्रिवर्णनाचे कर्ते रवळोबास यांना सकळ लिपीचे जनक मानतात, आणि हा काळ चौदाव्या शतकाच्या मध्याचा आहे. म्हणजे लीळाचरित्र हरवले तेव्हा त्याला कुलूप नव्हते, हे खरे. पण ते परत मिळाले तेही कुलपामुळे नव्हे. ते अनेकांपाशी होते, म्हणून मिळाले. पोथी एकच होती, ती गेली. पाठ करणारी माणसे अनेक होती, ती उरली.

मग कुलूप कशासाठी? आक्रमणाचे कारण सर्वत्र दिले जाते, परंतु त्यात एक अडचण आहे. पोथी जाळणाऱ्या शिपायाला ती वाचता यावी लागत नाही. बाळबोध लिपीतली पोथी आणि सकळ लिपीतली पोथी आगीत सारखीच जळते. लिपीतील संकेत अडवतो तो वाचू शकणाऱ्याला, म्हणजे मराठी जाणणाऱ्याला. हा पहारा दूरच्या शत्रूपेक्षा जवळच्या शेजाऱ्यावर अधिक होता, असे मानणे आम्हांला सयुक्तिक वाटते. पंथाने स्त्री-शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला होता आणि प्रचलित देवतांची उपासना नाकारली होती. अशा पंथाला भोवतालच्या समाजाचा धाक वाटला तर नवल नाही. शिवाय रहस्य अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नये, ही भावना आपल्याकडील अनेक संप्रदायांत होतीच. ग्रंथाबरोबर ग्रंथ बाळगणाऱ्या माणसांनाही संरक्षण हवे होते. ते लिपीने द्यावे, अशी अपेक्षा होती.

सकळ लिपीची घडण तत्त्वतः सोपी आहे. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. आम्ही कल्पनेने एक उदाहरण घेतो : क ऐवजी त, म ऐवजी ग आणि ळ ऐवजी ण लिहायचे ठरले, तर ‘कमळ’ हा शब्द ‘तगण’ असा दिसेल. वाचणाऱ्याला वाटेल की हे छंदःशास्त्राचे पुस्तक आहे! ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही कला आहे, आणि जयमंगला या टीकेत अक्षरांची परस्पर अदलाबदल करण्याच्या मूलदेवीय पद्धतीचे वर्णन येते. महानुभावांनी सकळीबरोबर सुंदरी, अंक, पारमांडल्य, वज्र अशा अनेक लिपी वापरल्या. त्यांत सकळ लिपीचा प्रसार सर्वांत अधिक झाला.

अशी लिपी चिकाटीच्या अभ्यासकापुढे फार काळ टिकत नाही. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात व काही क्वचित, आणि त्या वारंवारितेवरून संकेत फोडता येतो, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच दाखवले होते. मग सकळ लिपी पाच शतकांहून अधिक काळ कशी टिकली? पोथ्या मठाबाहेर गेल्या नाहीत आणि बाहेरच्यांनी त्या मागितल्याही नाहीत, हे आम्हांला त्याचे उत्तर वाटते. खरे कुलूप अक्षरांना नव्हते. ते पंथीयांच्या मौनाला आणि आपल्या अनास्थेला होते.

पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ओग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये एक तत्त्व मांडले : सांकेतिक लेखनाची पद्धत शत्रूला कळली तरी चालेल अशीच ती असावी, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, आणि ती बदलता आली पाहिजे. आजच्या संगणकीय कूटलेखनाचा पाया हेच तत्त्व आहे. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती आणि ती बदलत नव्हती. त्यामुळे १९१० च्या सुमारास वि. का. राजवाड्यांनी तिचा उलगडा केला, तेव्हा त्या लिपीतल्या साऱ्याच पोथ्यांची वाट मोकळी झाली. पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांनी आणि काही महंतांच्या औदार्याने हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आले.

या दीर्घ बंदिवासाची किंमत काय झाली? भाषेच्या बाजूने पाहू. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये. आपल्या भाषेचा कोश आणि व्याकरण ही दोन्ही सिद्ध झाली ती तिच्या आद्य गद्यावाचून. मराठी गद्याचा आरंभ बखरींपासून सांगितला जात होता, कारण त्याआधीचे गद्य सांगणाऱ्याच्या दृष्टीस पडलेच नव्हते. बोलीतले छोटे वाक्य, संवादाची लय, शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या तोंडचे शब्द, हे सारे आपल्याजवळ असूनही नव्हते.

माणसांच्या बाजूने पाहिले तर हिशेब याहून कडू आहे. ज्यांचे ग्रंथ वाचता येत नाहीत त्यांच्याविषयी काहीही सांगता येते, आणि खंडन करायला ग्रंथ पुढे करता येत नाही. या पंथाला समाजाची निंदा सोसावी लागली त्याची कारणे अनेक आहेत. सगळा दोष गुप्ततेवर टाकणे हा अन्याय होईल. पंथाचे विचारच अनेकांना रुचणारे नव्हते. तरीही संशयाला खतपाणी घालण्याचे काम गुप्ततेने केले, हे नाकारता येत नाही. या निंदेचा शिक्का भाषेत उमटला. पंथाला लोक ‘मानभाव’ म्हणत; त्याच नावावरून ‘मानभावी’ हा शब्द आला असे मानले जाते, आणि त्याचा अर्थ झाला वरून साळसूद, आतून कपटी. ज्यांनी आपल्याला पहिले गद्य दिले त्यांचे नाव आपण ढोंगाला दिले. आम्हीही तो शब्द वर्गात कितीदा तरी उच्चारला आहे, आणि तेव्हा समोर बसलेल्यांपैकी एखाद्याच्या घरी पंथाचा उपदेश असेल, हे आमच्या मनातही आले नाही. ज्या कवचाने माणसांचे रक्षण व्हायचे होते, त्याच कवचाकडे बोट दाखवून त्यांना खोटे ठरवले गेले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. उघड्या ग्रंथाचे काय झाले? ज्ञानेश्वरी सर्वांच्या हाती गेली आणि तिच्यात इतके अपपाठ शिरले की १५८४ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. झाकलेल्या पोथ्यांत जुनी रूपे अधिक टिकली, असेही म्हणता येईल. आम्हांला हे मान्य आहे. परंतु उघड्या ग्रंथाला बिघडवणारे भेटले तसा दुरुस्त करणाराही भेटला. प्रती सर्वत्र होत्या म्हणून तुलना शक्य झाली. आणि किल्ली हरवायला संकेतच लागतो असेही नाही. मोडी काही गुप्त लिपी नव्हती. शाळांतून आणि कचेऱ्यांतून ती गेली, आणि लक्षावधी कागद आज वाचकाची वाट पाहत पडले आहेत.

२०२४ साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेचा गौरव करताना आता महानुभाव गद्याचा उल्लेख आवर्जून होतो. हा गौरव करताना ते गद्य आपल्यापर्यंत कोणामुळे आले हे विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते केवळ लिपीमुळे आले नाही. ते हिराइसेमुळे आले, पिढ्यान्पिढ्या नकला करणाऱ्या अनाम लेखनिकांमुळे आले, आणि शेवटी किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी दाखवणाऱ्यांमुळे आले.

आमच्या त्या सहकाऱ्यांनी बायकांना दिलेला शब्द पाळला, याविषयी आमच्या मनात आदरच आहे. झाकायची होती ती नावे, आणि ती झाकणे हे त्यांचे कर्तव्यच होते. ओव्या मात्र वाटायच्या होत्या. दोन्ही एकाच फाइलीत राहिली आणि एकाच कुलपात गेली. तेव्हापासून आमच्या विभागात संशोधनाचे साहित्य ठेवताना आम्ही दोन वेगळ्या याद्या करतो : माणसांची ओळख सांगणारी एक, ती बंद, आणि त्यांनी सांगितलेल्या, गायिलेल्या मजकुराची दुसरी, तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी. बंद यादीचा परवलीचा शब्द लखोट्यात घालून दोघांच्या स्वाधीन केलेला असतो. विद्यार्थ्यांना हे नियम कंटाळवाणे वाटतात. त्यांना आम्ही लीळाचरित्राची ही हकिकत सांगतो, आणि मग कपाटातली ती न उघडलेली फाइल दाखवतो.