एका ठोक्याच्या दोन नोंदी

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पडद्यावरची रेघ वरखाली होत राहिली की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. डॉक्टरांना मात्र एक वेगळी अवस्थाही ठाऊक असते. पडद्यावर रेघ चालू असते आणि बोटांना नाडी लागत नाही. हृदयात वीज खेळते आहे, पण रक्त पुढे ढकलेल इतका जोर स्नायूत उरलेला नाही. कारण एका ठोक्यात दोन घटना असतात. आधी विजेची लाट स्नायूभर पसरते आणि मग स्नायू आवळला जातो. या दोन्ही घटना टिपण्याचा प्रयत्न दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आज तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी हृदयाच्या कणाएवढ्या तुकड्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आधी नोंदली गेली ती हालचाल. १८६० मध्ये फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे याने मनगटावर बांधायचे नाडीलेखक यंत्र तयार केले. नाडीच्या उडीबरोबर एक हलकी तरफ उचलली जाई आणि काजळी धरलेल्या कागदावर वळणे उमटत. विजेची नोंद नंतर आली. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर याने काचेच्या केशनळीतल्या पाऱ्याच्या थरथरीतून माणसाच्या हृदयाची वीज टिपली. जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगचे पाय खारट पाण्यात ठेवून तो हे प्रात्यक्षिक दाखवी. त्यावरून १९०९ मध्ये ब्रिटिश संसदेत प्राण्यांच्या छळाबद्दल प्रश्नही विचारला गेला.

पाऱ्याची हालचाल मंद होती. ती अडचण लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन याने दूर केली. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा त्याने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणला. हृदयाची वीज धाग्यातून गेली की तो हले आणि त्याची सावली छायाचित्रणाच्या पट्टीवर पडे. हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला तिथवर नेणे शक्य नव्हते, म्हणून सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून तारेने संकेत आणला गेला. १९२४ मध्ये आइंटहोव्हेनला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे यंत्र आटोपशीर झाले, गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचले आणि हृदयाचा ठोका म्हणजे ईसीजीची रेघ हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

हे समीकरण अपुरे आहे याचा पुरावा मात्र त्याच काळात हाती आलेला होता. १८८०च्या दशकाच्या आरंभी लंडनचा सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होता. द्रावण नळाच्या पाण्यात केले की हृदय चाले आणि ऊर्ध्वपातित पाण्यात केले की लवकरच थांबे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा निघाला. १९१३ मध्ये जॉर्ज माइन्सने याच्या पुढचे पाऊल टाकले. कॅल्शियम काढून घेतल्यावर बेडकाच्या हृदयाचे आकुंचन थांबते, पण विजेचा संकेत चालूच राहतो, असे त्याने दाखवले. म्हणजे वीज आणि आकुंचन यांना जोडणारा दुवा कॅल्शियमचा आहे, आणि तो दुवा तुटूही शकतो.

याची किंमत औषधशास्त्राला चांगलीच कळली आहे. ॲलर्जीवरचे टरफेनाडीन हे औषध काही रुग्णांत, विशेषतः विशिष्ट औषधांच्या जोडीने घेतल्यास, हृदयाची विद्युत लय बिघडवत असे. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे प्रभावी औषध, पण ते हृदयाच्या स्नायूचा जोर कमी करू शकते. म्हणून त्याच्या एकूण मात्रेला मर्यादा घालावी लागते. पहिल्याचा घाव विजेवर आणि दुसऱ्याचा मुख्यतः आकुंचनावर. असे घाव माणसाला औषध देण्याआधीच कळायला हवेत, तर मानवी हृदयाची ऊती प्रयोगशाळेत हवी, आणि तिच्या दोन्ही भाषा ऐकणारे उपकरणही हवे.

ऊती मिळायला वेळ लागला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कला अलेक्सिस कॅरलने कोंबडीच्या गर्भाच्या हृदयापासून सुरू केलेले संवर्धन ‘अमर हृदय’ म्हणून गाजले. ते १९४६ पर्यंत चालले. पण त्यातल्या टिकलेल्या पेशी संयोजी ऊतीच्या होत्या आणि त्यांचे धडधडणे केव्हाच थांबले होते. खरा मार्ग २००७ मध्ये खुला झाला. जपानच्या शिन्या यामानाका यांच्या गटाने प्रौढ माणसाच्या त्वचेतील पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे रूप दिले. अशा पेशींना ठरावीक रसायने ठरावीक क्रमाने दिली की त्या हृदयपेशी होतात आणि साधारण दहा-बारा दिवसांत बशीत आपणहून धडधडू लागतात.

उपकरणाचे काय? १९७२ मध्येच काचेवर सूक्ष्म इलेक्ट्रोडच्या रांगा मांडून कोंबडीच्या हृदयपेशींची वीज मोजली गेली होती. पण काच सपाट आणि कडक, त्यामुळे तिला ऊतीचा फक्त तळ कळतो. आकुंचनासाठी ऊती दोन लवचिक खांबांमध्ये ताणून ते किती वाकतात हे सूक्ष्मदर्शकातून पाहत. दोन नोंदी, दोन यंत्रे. उपकरण ऊतीच्या आत ठेवावे, तर सिलिकॉन हृदयस्नायूपेक्षा सुमारे एक कोटी पट कडक. धडधडत्या मांसात काचेची कपची रोवावी तसे ते.

वाट सापडली ती पातळपणात. पट्टी दहापट पातळ केली की तिचा वाकण्याला होणारा विरोध हजारपट घटतो. जाड पुठ्ठा वाकता वाकत नाही आणि पतंगाचा कागद वाऱ्यावर वळतो, तसेच हे. त्यात मधली जागा कापून जाळी केली की पेशी तिच्या भोकांतून वाढतात. २०१२ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स लीबर आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म तारांच्या जाळीदार सांगाड्यातच ऊती वाढवली. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच जिया लिऊ यांच्या गटाने ताणली जाणारी जाळी वाढत्या पेशींच्या थरात मिसळली. थराचा गोळा होताना जाळीही त्याच्याबरोबर दुमडत गेली. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील जुन याओ यांच्या गटाने जाळीत ग्राफीनचे संवेदक बसवले. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. जवळच्या विजेने त्यातला प्रवाह बदलतो आणि ताण पडला तरीही बदलतो. त्यामुळे एकच संवेदक लाट आणि आवळणे दोन्ही सांगतो, तेही ऊती वाढत असतानाच, तिच्या निरनिराळ्या भागांतून. औषध टाकल्यावर वीज बिघडली की जोर घटला, हे आता एकाच जागी पाहता येते.

प्रयोगशाळेतली ही ऊती अजून प्रौढ हृदयासारखी नाही. तिच्या पेशींची ठेवण गर्भातल्या हृदयाच्या जवळची, आणि जोरही कमी. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साठीतल्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ऊती प्रौढ होते आहे की नाही, हे ठरवायलाही वीज आणि आकुंचन यांचा मेळ दिवसेंदिवस तपासावा लागतो, आणि ते काम ही जाळी करू शकते. मारेची तरफ आणि आइंटहोव्हेनचा धागा वेगवेगळ्या टेबलांवर होते. रिंगर आणि माइन्स यांनी बेडकाच्या हृदयात जो दुवा दाखवला, तो माणसाच्या ऊतीत पाहण्यासाठी ती दोन टेबले शेवटी एकत्र आणावी लागली.